एकटीचा अल्बम

बेलापूर गावाहून आमचा टेम्पो निघाला तेव्हा आई चाकाशी उभी होती. पाट्या-वरवंट्याला गोधडी गुंडाळून दिली आणि म्हणाली, "शेरात हाय-न्हाई करू नको गं, लोकं हसत्यात." आमच्या मालकांना नागापूरच्या कारखान्यात काम लागलं होतं. मी तिथं 'आहे', 'नाही' शिकले. पण बेलापूरला फोन लागला की जीभ सुटायचीच, आणि तेच माझ्या मुक्तानं कानानं उचललं.

तुम्ही मैत्रिणी गावी राहिलात, माझ्यासारख्या काही जणी बाहेर पडल्या. मुक्ता तर गिटार घेऊन थेट बंगळूरला. तिथं चौघांचा रॉक बँड. पोरं चांगली, पण हिच्या एका गाण्यावर अडली. पोरं म्हणाली, "हे गावठी काढ, नाही आणि आहे म्हण." हिनं बँडच सोडला. एकटीला कोण ऐकणार, या घोरानं मी जेवलेसुद्धा नाही नीट. तिनं मात्र वर्षभर खपून स्वतःचा अल्बम काढला.

तो ऐकवायला मी बेलापूरला गेले. भावजय शेंगा फोडत बसली होती.

"वन्सं, ऐन लगीनसराईत बँड सोडला व्हय पोरीनं?"

"तो बँड नव्हे वहिनी. आता तिचा अल्बम आलाय."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "लगीन उरकलं? आन आमाला सांगितलं बी न्हाई?"

"लग्न नाही गं. एकटीचा अल्बम आहे."

"एकटीचा? मग नवरा कुटं गेला?"

हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. फोटो नाहीत, गाणी आहेत, असं सांगून मी मोबाईल सुपाशेजारी ठेवला. गिटार वाजली, ड्रम सुरू झाला. वहिनीनं तोंड वाकडं केलं, "लई ठोकाठोकी हाय." आणि मग मुक्ताचा आवाज आला, मोकळा, कुणाला न भिणारा:

"कुनी न्हाई तर न्हाई, मी हाय."

वहिनी मोबाईलकडं सरकली. गाणं संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा लावा." दुसऱ्यांदा ऐकून माझ्याकडं बघितलं. "वन्सं, टेम्पोत बसायच्या आदी तुमी अशाच बोलत हुता."

आईनं माझ्या भल्यासाठी जे झाकून ठेवायला सांगितलं, ते माझ्या लेकीनं माईकपुढं उघडपणे म्हटलं, आणि त्यासाठी एकटी पडायलाही भ्याली नाही. नागापूरच्या क्वार्टरला मी घर म्हणते, बेलापूरला माहेर. मुक्ताचं घर कुठलं, हे मला कधी नीट सांगता यायचं नाही.

तेवढ्यात तिचाच फोन आला. "आई, कुठं आहेस?"

सुपात शेंगा होत्या, वहिनी तिसऱ्यांदा लावा म्हणत होती.

"घरी हाय," मी म्हटलं.