सत्तेचाळीस नंबरची भिंत

परवा गल्लीत मोजणीवाले आले आणि सून घर आवरायला धावली. मी म्हटलं, बस खाली, काही आवरायचं नाही. तिला राग आला... म्हणून हे लिहिते.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. आम्ही उद्यमबागेच्या कारखान्यांमागे नाल्याकाठी झोपडीत राहायचो. वडील फाउंड्रीत, आई शेजारच्या नव्या बंगल्यांत भांडी घासायला. मी दहा वर्षांची, दुसरीतून शाळा सुटलेली.

बंगले सरकत सरकत नाल्यापर्यंत आले होते. आता आमचीही जागा लागणार होती. ज्याच्या भिंतीवर डांबराचा नंबर त्यालाच दुसरीकडे जागा, असं ठरलेलं. आमचा नंबर सत्तेचाळीस, सरकार कानडी म्हणून कानडी आकड्यांत. साहेब येऊन तो वहीत उतरवणार, मग पक्कं.

आई काम करायची त्या बंगल्यात पाहुणे यायचे म्हटलं की पडदेसुद्धा धुवायचे. तेच तिच्या डोक्यात. साहेब आपल्या दारात येणार म्हणून त्या सकाळी तिनं भिंत शेणानं सारवली. सगळी... नंबरासकट.

साहेब दारात आला, भिंतीकडे बघितलं. "नंबर एल्लि?" कुठाय नंबर. आईला तेव्हा कळलं. शेणाचा हात तसाच तोंडावर गेला.

"इथंच हुता की सायेब."

"नंबर न्हाय तर घर न्हाय," म्हणाला अन् पुढं निघाला.

पुढं एकच घर, गंगाक्काचं. ते झालं की तो जीपमध्ये बसून जाणार. गंगाक्काशी आईचं पाण्यावरून भांडण, महिनाभर बोलणं बंद. दारातूनच म्हणाली, "भिंतीला पावडर लावलीस व्हय गं?" मला तिचं तोंड फोडावंसं वाटलं.

मी नखांनी शेण खरवडायला लागले. रोज त्या आकड्यांवरून बोट फिरवायचे मी, शाळा सुटल्यावर तेवढंच लिहिणं उरलेलं. पण त्या घाईत दाराच्या उजवीकडे की डावीकडे, तेच आठवेना. माती निघाली, डांबर काही लागेना. आई नुसती "बघ गं, बघ गं" करत होती.

शेजारून आवाज येत होता. घरात माणसं किती, साहेब विचारत होता.

"थांबा की सायेब, मोजाय नको? ही थोरली. तिच्या पाठची लगीन करून सदलग्याला दिलीया, ती धरायची का न्हाय? दिवाळीला येती की... आता बघा, चुकलं. पहिल्यापासनं घेऊ."

साहेब वैतागला. मलाही वाटलं, काय ही बाई. मग बघितलं तर तोंड साहेबाकडे होतं अन् डोळे आमच्या भिंतीवर.

आईनं घागर उचलली. बंगल्याच्या नळावरून आणलेलं, दिवसभराचं पिण्याचं पाणी. अख्खी भिंतीवर ओतली. शेण ओघळलं अन् डावीकडे काळा चार दिसला... मी तळव्यानं घासत सुटले. सात पण दिसला.

"सायेब, त्यो बघा नंबर," गंगाक्काच म्हणाली. "अन् माझी माणसं सहा. लिवा."

साहेब मागं आला. बघितलं, वहीत लिहिलं. बुटाला लागलेलं शेण आमच्या उंबऱ्याला पुसलं अन् गेला.

आम्हाला जागा मिळाली. आमच्या झोपड्यांवर बंगले झाले, अन् त्यातल्याच एकात आईनं पुढं बारा वर्षं भांडी घासली. गंगाक्का नव्या जागीही शेजारीच, पाण्यावरून भांडायला. त्या दिवसाचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तिला थँक्यू कुणी म्हटलं नाही, मीही नाही. आता ती नाही... तरी म्हणते.

अन् सूनबाई, राग सोड. कुणी वही घेऊन दारात आलं तर घर आहे तसं दिसू दे.