अर्वासाठी द्राक्षाची पानं

आमच्या उम्म झुहैरला रिकामं म्हणून काही देता येत नाही. शेजारणीची ताटली परत करायची असली तरी तिच्यात निदान मूठभर ऑलिव्ह पडतातच. इथे जॉर्डनच्या इर्बिद शहरात आम्ही सगळ्याच तशा, पण हिचं जरा अतिच. एकोणतीस वर्षं मी तिच्या समोरच्या दारात राहतेय, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

तिची लेक अर्वा स्वीडनला असते. गेल्या वर्षी उम्म झुहैरने तिला, आत भात भरून शिजवायला, द्राक्षाच्या पानांच्या चार बाटल्या पाठवल्या. "फार छान होती हं, यम्मा," असं अर्वा फोनवर म्हणाली. यंदा जावई बिशर आला आणि चहा पिता पिता बोलून गेला, की पानांना बुरशी आली होती, टाकून देताना अर्वा रडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच उम्म झुहैरने माझं दार वाजवलं.

"चल, हवा काढून बंद करतात त्या पिशव्या आणू. शनिवारी बिशर निघतोय."

मशीन तिच्याकडे होतं, सुनेने दिलेलं. पण त्याच्या पिशव्यांची किंमत ऐकून ती दुकानदारावर खेकसली, "एवढ्यात दोन कोंबड्या येतील!" तीन दुकानं पालथी घातल्यावर भाजीबाजारामागे अबू तय्सीरकडे आतून खरबरीत असलेला पिशव्यांचा रोल निम्म्या किमतीत मिळाला. हवा तेवढा कापून घ्यायचा.

पानं उकळत्या पाण्यातून काढून आम्ही पिशव्या भरल्या, मशीनने हवा ओढली. सकाळी पाहतो तर सगळ्या सैल पडलेल्या. उम्म झुहैर एक पिशवी घेऊन तरातरा दुकानात गेली, तिच्यामागे मी.

"फसवलंस मला!"

अबू तय्सीरने पिशवी उलटसुलट करून पाहिली. "मावशी, ही पिशवी भरलीय की गादी? तोंडापर्यंत कोंबलीस, मग चिकटणार कुठे? चार बोटं रिकामी सोड. आणि पानं पुसून घाल."

"लेकीला रिकामी पिशवी पाठवू? लोक काय म्हणतील?"

"लोक तिचा फ्रीज उघडायला जाणार आहेत का?"

घरी येईपर्यंत तिची कुरकुर चालूच होती. शेवटी मी चिडले. "गेल्या वर्षी बाटल्या काठोकाठ भरल्या होत्यास ना? पोरीच्या पोटात किती गेलं?"

बोलले आणि जीभ चावली. मग एकेक पान फडक्याने टिपून, बोटं लावून मोजत, तिने अकरा पिशव्या बंद केल्या. रिकाम्या सोडलेल्या तोंडाकडे पाहून दर वेळी तिचा चेहरा पडायचा. पण दुसऱ्या दिवशीही पिशव्या घट्ट होत्या.

दोन आठवड्यांनी अर्वाचा फोन आला. मी तिथेच वांगी कोरत बसले होते.

"यम्मा, पानं जून होती गं! दोन तास शिजवली तरी चिवट. बिशर तर दात कोरतोय अजून. यंदा उशिरा खुडलीस ना?"

मला वाटलं, आता ही भडकणार. तिच्या पानांना नाव ठेवायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. पण फोन ठेवून ती डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपत हसत सुटली.

"खाल्ली गं तिने," ती म्हणाली. "या वेळी खरंच खाल्ली."