दोन मिनिटांत येणारा कावळा

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माणूस म्हणून कोण चांगलं, हे एक कावळा ठरवायचा. आणि त्या कावळ्याच्या मते मी सगळ्यांत चांगली होते. फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं तर सांगायची लाजच वाटते, पण आता सांगून टाकते.

पहिल्या मजल्यावर एक पाट्टी राहतात. पाट्टी म्हणजे आजी. वय ऐंशीच्या पुढं, मुलगा परदेशात, यजमान वारलेले. इकडं जेवणाआधी भाताचा गोळा गच्चीवर कावळ्याला ठेवतात. गेलेली माणसं कावळ्याच्या रूपानं येऊन जेवतात, अशी श्रद्धा. आपल्याकडं ते दहाव्याला नाहीतर पितृपक्षात, इथं रोज. कावळ्यानं चोच लावल्याशिवाय पाट्टी घास घेत नाहीत. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी हे काम माझ्यावर सोपवलं, कारण मी देवाधर्माची बाई, आणि सांगलीची असले तरी त्यांच्या मते जवळजवळ त्यांच्यातलीच.

पहिले चार दिवस मी इमानेइतबारे थांबले. चेन्नईचं अकराचं ऊन म्हणजे काय ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. कावळे पाण्याच्या टाकीवर बसून माझ्याकडं बघायचे, आणि मी त्यांच्याकडं. पाचव्या दिवशी घरी कुकर लावून आले होते, त्याच्या शिट्ट्या वरपर्यंत ऐकू यायला लागल्या. कठड्यावर भात ठेवला, 'का, का' म्हणून दोन हाका मारल्या आणि खाली पळाले. पाट्टी दारातच होत्या. "वंदुदा?" आला का? मी म्हटलं, "वंदुदु." आला.

कावळा नंतर येऊन जेवतच असणार, त्यात मी कुणाचं काय वाईट केलं, अशी मनाची समजूत घातली. सहाव्या दिवशी कुकर लावला नव्हता, तरी पळाले. मग वर्षभर तेच. पाट्टी भलत्याच खूश. "माझे यजमान जन्मात कधी वेळेवर ताटावर आले नाहीत," त्या येईल त्याला सांगायच्या, "पण ही गेली की दोन मिनिटांत येतात. पुण्यवान बाई आहे." वॉचमनसुद्धा मला बघून खुर्चीवरून उठायला लागला.

आमच्या समोरच्या घरात एक मराठी पोरगा राहायचा. लातूरकडचा. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात तयार गाड्या तपासायच्या कामावर, दुपारच्या पाळीला. देव मानत नाही, आणि हे कुणी विचारायच्या आधी सांगतो. त्यानं नवी मोटारसायकल घेतली तेव्हा चाकांखाली ठेवायला मी चार लिंबं नेऊन दिली. इथं लिंबं चिरडल्याशिवाय नवी गाडी जागची हलत नाही. अर्ध्या तासानं हा शहाणा दारात, हातात सरबताचा पेला. "काकू, तुमचीच लिंबं. साखर बरोबर पडलीय का बघा." आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, मी दृष्ट काढून कोहळा रस्त्यावर फोडला, तर हा झाडू घेऊन तुकडे गोळा करतोय, दुचाक्या घसरतात म्हणून. चारचौघांत. माझं डोकंच फिरलं. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

मग बहिणीच्या ऑपरेशनसाठी मला महिनाभर सांगलीला जावं लागलं. सकाळी घरी असणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून भाताचं काम नाइलाजानं त्याच्या गळ्यात पडलं. परत आले तर पाट्टी हिरमुसलेल्या. "मुलगा चांगला आहे गं, पण आमची माणसं त्याला लवकर येत नाहीत. अर्धा अर्धा तास लावतात. देव मानत नाही ना, त्यांना वरून कळतं."

मला हसू आवरेना. म्हणजे हा बाबा खरंच थांबत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडं आला, हातात कागद. भात किती वाजता ठेवला, कावळा किती वाजता आला, सगळं तारीखवार लिहिलेलं. "काकू, तुमचे दोन मिनिटांत कसे येतात? गोळा कुठल्या कोपऱ्यात ठेवता? हाक कशी मारता?" मी म्हटलं, "श्रद्धा लागते." तो खरोखर विचारात पडला. देवावर विश्वास नसलेला तो पोरगा माझ्यावर विश्वास ठेवून होता. मला त्या दिवशी त्याची गंमत वाटली, याबद्दल आजही मला स्वतःचा राग येतो.

काम मी त्याच्याकडंच राहू दिलं. कधी कावळ्यापायी त्याची कंपनीची बस चुकायची आणि तो मोटारसायकल काढून श्रीपेरुंबुदूरपर्यंत उन्हातान्हात जायचा. मी खिडकीतून बघायची आणि भाजी चिरायला बसायची.

असं चाललं असताना मे महिन्यातल्या एका सकाळी माझ्याकडं एक गृहस्थ आले. कपाळी गंध, पांढरी स्वच्छ वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर. तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच, निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी त्याच कारखान्यात होती, आणि तिनं आणि त्या पोरानं लग्नाचं ठरवलं होतं. बापाची एकच अट होती. शेजारीपाजारी चौकशी करणार, आणि शेजारी नाही म्हणाले तर विषय संपला. मुलीनं अट कबूल केली होती. त्यांची मराठी जुन्या पत्रातल्यासारखी, सूर मात्र पक्का तमिळ.

"अम्मा, तुम्ही आमचे भाषेचे. खरें सांगा. मुलगा पहिले भेटीतच बोलला, मी देव मानत नाहीं. ज्यास देवाचें भय नाहीं, तो माझे मुलीशीं खरें कशास बोलेल?"

मला लिंबं आठवली. कोहळाही आठवला. "शेजारी म्हणून काही त्रास नाही," एवढंच मी म्हटलं. त्यांचा चेहरा काही खुलला नाही. बिल्डिंगमधल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलायचं म्हणाले, म्हणून त्यांना पाट्टींकडं घेऊन गेले.

पाट्टींनी तमिळमध्ये पोराची तारीफ केली. औषधं आणतो, दिवा बदलून देतो, आवाज कधी चढवत नाही. मला हायसं वाटतंय तोवर त्या पुढं म्हणाल्या, "पण खोटं कशाला बोलू? आमचे पितर त्याला चटकन येत नाहीत. ही गेली की दोन मिनिटांत येतात. त्याला बघून मागं फिरतात." आणि माझ्या हातावर प्रेमानं थोपटलं.

गृहस्थांनी डोळे मिटले. मला कळलं, झालं, संपलं लग्न. ज्याच्या हातचं पितर घेत नाहीत त्याला हा माणूस मुलगी कसा देईल? आणि हे सगळं माझ्या कुकरपायी. गप्प बसले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं. पाट्टींना मराठी येत नाही एवढाच काय तो आधार.

"अहो," मी मराठीत म्हटलं, "मी थांबतच नव्हते. भात ठेवून पळून यायची आणि आला म्हणून सांगायची. तो थांबतो म्हणून त्याला वेळ लागतो."

पाट्टी कौतुकानं मान डोलवत होत्या. त्यांना वाटलं मी मुलाची शिफारस करतेय.

"किती दिवस?" गृहस्थांनी विचारलं.

"वर्षभर."

"आणि तुम्ही देव मानतां?"

"रोज पूजा करते," मी म्हटलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. वय झालं माझं, पण असं वर्गाबाहेर उभं केल्यासारखं शाळेतसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पोरगा भात न्यायला आला. भावी सासऱ्यांना बघून गोंधळला, पण पाट्टींनी ताटली हातात दिल्यावर वर निघाला. गृहस्थ म्हणाले, "मीहि येतों." मीही मागं गेले. राहवेना.

गच्चीवर पितरांसाठी म्हणून गृहस्थांनी चपला काढल्या आणि मिनिटाभरात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागले. पोरानं भात ठेवला, हाका मारल्या. टाकीवर चार कावळे होते. एकानं मान वाकडी करून आमच्याकडं पाहिलं आणि पंख साफ करायला घेतले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. पोरगा घड्याळ बघत होता.

"तुझी बस?" गृहस्थांनी विचारलं.

"आज चुकणार."

आणखी पाच मिनिटांनी त्यांनी घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "अरे, ठेविलें ना आपण. येईल मागाहून. पाट्टीस आला म्हणून सांगूं."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच टाकीकडं बघायला लागले.

"तुम्ही सांगा हवं तर," पोरगा म्हणाला. "मला विचारलं तर मी नाही आला म्हणून सांगणार. मग त्या जेवणार नाहीत."

"तुला हें कांहींच पटत नाहीं ना? मग उभा कशास राहतोस?"

"पटत नाही. पण त्या विचारतात ना, आला का म्हणून."

गृहस्थ वेष्टी सावरून टाकीच्या सावलीला बसले. त्यानंतर बऱ्याच वेळानं एक कावळा खाली उतरला, भात उलटापालटा केला आणि घास उचलला. पोरगा पाट्टींना सांगायला धावला. जिन्यात गृहस्थ मला म्हणाले, "पोरगा चांगला आहे, अम्मा. पण माझे मुलीस याचा फार ताप होईल." माझी गोष्ट कुणाला सांगणार नाही म्हणाले, कारण आज तेही खोटं सांगायला तयार झाले होते.

लग्न झालं. होमापुढं पोरगा मुकाट्यानं बसला. गाडीखालची लिंबं मात्र त्यानं वाकून उचलली आणि खिशात टाकली. बायकोला घेऊन तो कारखान्याजवळ राहायला गेला, आणि भाताची ताटली परत माझ्याकडं आली.

आता मी थांबते. छत्री घेऊन, कधी वीस मिनिटं, कधी चाळीस. कुकर आधी उतरवून जाते. मनातल्या मनात त्या पोराला रोज शिव्या घालते. पाट्टी मात्र काळजीत पडल्यात. परवा म्हणाल्या, "हल्ली तुझ्यावरही रुसले गं. काय चुकलं तुझं?" खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्या शब्दावर वर्षभर घेतलेले घास डोळ्यांपुढं आले आणि जीभ रेटेना. मला पुण्यवान म्हणणारं या शहरात तेवढं एकच माणूस आहे. "त्या मुलाला विचार," त्या म्हणाल्या. "त्याला उशिरा यायचे, पण एक दिवस चुकायचे नाहीत. तो काय करायचा?"

त्या समोर बसलेल्या, म्हणून फोन लावावाच लागला.

"काही नाही, काकू, थांबायचो फक्त," तो म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "पण तुमचे दोन मिनिटांत कसे यायचे, ते तुम्ही मला अजून सांगितलं नाहीत."