लुसियनचं पाणी पिणारं डांबर

लुसियन थेरियो चिडका आहे, हट्टी आहे आणि बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मी त्याचं कौतुक करायला बसलेय असं कोणाला वाटायला नको. मी विनिफ्रेड कोल्बी. गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं काढली. लोक मला जरा टरकून असतात, आणि त्यात माझं काही बिघडत नाही, कारण पुस्तकं वेळेवर परत येतात.

लुसियनचा आजोबा कॅनडातून इथल्या गिरणीत कामाला आला. गिरणी बंद पडली, बापाने कुऱ्हाड उचलून जंगल धरलं, आणि लुसियन एकोणिसाव्या वर्षी गावच्या रस्तेखात्यात फावडं घेऊन लागला तो मुकादम होऊनच बाहेर पडला. न्यू हॅम्पशायरच्या या आमच्या कोपऱ्यात असा एक रस्ता दाखवा, ज्यावर त्याने उन्हाळ्यात डांबर टाकलं नाही आणि हिवाळ्यात बर्फ ओढला नाही. लग्न पॉलिनशी झालं. पॉलिन दोघांच्या वाटणीचं बोलायची, त्यामुळे संसार छान चालला. मूलबाळ झालं नाही.

वाचनालयासमोर गाड्या लावायचं आवार आहे आणि आवाराच्या पलीकडे लुसियनचं घर. आवार उताराचं. दुपारी कडेचे बर्फाचे ढीग वितळायचे, पाणी आवारभर पसरायचं आणि चारच्या सुमाराला ऊन गेलं की त्याची काच व्हायची. काळ्या डांबरावर ती दिसायचीसुद्धा नाही. एका फेब्रुवारीत पॉलिन तिथे अशी आपटली की मनगटाचे दोन तुकडे झाले.

लुसियन धावत आला. बायकोला उचललं, गाडीत बसवलं, आणि मागे वळून त्या डांबराकडे बघत राहिला.

"माझ्याच डांबरावर," एवढंच म्हणाला.

"अरे, आता दवाखान्यात नेतोस की त्याच्याशी भांडत बसतोस?" पॉलिन गाडीतून ओरडली.

पुढच्या वसंतात तो चक्क विद्यापीठात गेला. रस्तेवाल्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग होता. बावन्नाव्या वर्षी हा गडी डबा आणि वही घेऊन गेला, आणि परत आला तो थेट माझ्या टेबलाशी.

"विनी, आमचं इतकी वर्षं चुकलंच. पाणी वरून पळवायचंच नाही. खाली प्यायला लावायचं."

"डांबराला तहान लागते होय?"

"दात काढू नकोस. डांबराच्या मिश्रणातली बारीक कच काढून टाकायची. नुसती खडी आणि डांबर. मग मध्ये भोकं राहतात, पाणी सरळ खाली जातं. खाली बारीक खडी, तिच्याखाली गाळायला रेती, आणि सगळ्यांत खाली मोठे दगड. दगडांच्या फटीत पाणी थांबतं आणि सावकाश जमिनीत मुरतं."

"आणि आपल्याकडे जमीन चार चार फूट गोठते त्याचं काय? ते पाणी गोठून फुगलं, की तुझं डांबर पापडासारखं वर येईल."

"म्हणून तर खोल जायचं. जमीन गोठते तिथवर. दगडांमध्ये मोकळी जागा असते, फुगलं तरी फटीतच फुगेल, डांबर कशाला उचलेल?" मग जरा खाली बघून म्हणाला, "मीही मास्तरांना हेच विचारलं होतं."

गावाला पटवायला त्याला दोन वर्षं लागली. मग काम निघालं आणि लुसियनचं डोकं फिरलं. खणलेल्या खड्ड्यात कोणाला ट्रक घालू देईना, म्हणे खालची माती दाबली की ती पाणी घेणार नाही. दगड आला तर धुतलेला नाही म्हणून परत पाठवला. डांबर पडलं त्या दिवशी तर कहर. रोलरवाल्याचा हात सवयीचा, त्याला गुळगुळीत होईपर्यंत दाबल्याशिवाय चैन पडेना. दोन फेऱ्या झाल्या आणि लुसियन रोलरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"बास!"

"अहो मुकादम, अजून खडबडीत आहे."

"खडबडीतच राहू दे. आणखी एक फेरी मारलीस तर माझ्या अंगावरून मारावी लागेल."

पॉलिन वाचनालयाच्या पायरीवर बसून लोणच्याची काकडी खात होती. "मार रे बाबा," ती म्हणाली, "तोही जरा सपाट होईल." रोलरवाला हसून खाली उतरला.

पुढचे अकरा हिवाळे ते आवार कोरडं राहिलं. खोटं सांगत नाही. बर्फ ओढून झाला, ऊन आलं, वितळलेलं पाणी बघता बघता गडप. बर्फ वितळवायला आणलेली मिठाची पोती पडून राहायला लागली. लुसियन त्यासाठी मर मर मरायचा. बर्फ ओढणाऱ्या ट्रकचं पातं बोटभर वर ठेवायचं, कडेला मातीचा ढीग घालायचा नाही, आणि नोव्हेंबरात व एप्रिलमध्ये शेजारच्या शहरातून धूळ ओढून घेणारा ट्रक आणून सगळी भोकं मोकळी करायची. निवृत्त झाला तरी हे काम त्याने कोणाच्या हाती दिलं नाही. आणि मुख्य नियम म्हणजे पाय घसरू नये म्हणून सगळे बर्फावर टाकतात ती वाळू इथे नाही, तिने भोकं बुजतात. 'येथे वाळू टाकू नये' ही पाटी आवाराच्या तोंडाशी आहे. तिच्यावरची अक्षरं मी रंगवलेली आहेत. हे लिहिताना आत्ता माझे कान तापलेत.

चार वर्षांपूर्वी पॉलिन गेली. आजारपण लांबलं नाही, एवढंच बरं. त्यानंतर लुसियन रोज नऊ वाजता आवार ओलांडून वर्तमानपत्र वाचायला येऊ लागला. खिडकीजवळची खुर्ची धरायचा, अकराला उठून जायचा. आमचं बोलणं म्हणजे मी त्याला बूट पुसायला सांगायची आणि तो पुसायचा.

गेल्या ऑक्टोबरात त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबरातला धूळ ओढायचा ट्रक आणायचा राहिलाच. डिसेंबरच्या पहिल्या बर्फानंतर बघते तर काय, हा शहाणा कुबडी घेऊन फाटकातून बाहेर! आवाराच्या मधोमध कुबडी घसरली आणि तो तिथे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी गाडीच्या आरशाला लोंबकळला म्हणून वाचला.

"घरी बस की रे मेल्या! पेपर पाठवते मी."

"घरात भिंती वाचू का?" म्हणाला, आणि आला तो आलाच.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला, म्हणजे वाचनालय उघडायच्या खूप आधी, मी कॉफीच्या जुन्या डब्यात वाळू घेतली आणि त्याच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत वाट टाकली. इकडे आमच्या हाडात वाळू आहे. प्रत्येकाच्या गाडीत मागे वाळूची बादली असते. दाराशी डबा असतो. पायरी चकाकताना दिसली की हात आपोआप डब्याकडे जातो. पाटी? पाटी ट्रकवाल्यांसाठी, असं मी मनाला सांगितलं. एका डब्याने काय होतंय!

एक डबा रोज. मग जानेवारीत वाटेच्या कडेने पाणी साचून गोठायला लागलं, तर मी दोन डबे टाकायला लागले. आणखी गोठलं, आणखी टाकली. लुसियन रोज नऊला येऊन सुखरूप पोचायचा. मी टेबलामागून बघायचे आणि मनात म्हणायचे, बघ विनी, तू आहेस म्हणून.

मग जानेवारीच्या शेवटी मर्टन हॉजडन पडला. मर्टन आमच्या तीन गावपंचांतला थोरला. पडला तो बरोबर पार्श्वभागावर, आणि पुढे दीड महिना जिथे जाईल तिथे काखेत उशी घेऊन फिरला. मार्चच्या गावसभेपुढे त्याने ठराव ठेवला: वाचनालयाचं आवार उखडून तिथे साधं डांबर टाकावं.

मी ठरावाचा कागद सूचनाफलकावर टाचला तेव्हा लुसियन तिथेच उभा होता. दोनदा वाचला. पेपर न वाचता घरी गेला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सभेच्या तीन दिवस आधी ऊन पडलं. लुसियन काठी टेकत आवारात आला आणि मधोमध बादलीभर पाणी ओतलं. पाणी हललं नाही. गप्प बसून राहिलं. त्याने कण्हत कण्हत एक गुडघा टेकला, पेचकस डांबराच्या भोकात घालून उकरलं. पिवळी वाळू निघाली. आणखी एका ठिकाणी उकरलं, तिथेही वाळू. मी दारात उभी होते. त्याने ती वाळू तळहातावर घेऊन बघितली, खिशात टाकली, आणि माझ्याकडे न बघता घरी गेला.

आता खरं सांगते. तीन दिवस मी तोंडाला कुलूप लावून बसले. विनिफ्रेड कोल्बीच्या हातून चूक होत नाही, ही माझी गावातली एकुलती एक इस्टेट. वाटलं, म्हातारा काहीतरी सांगेल, निभावून नेईल. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा असंच वाटलं.

गावसभा शाळेच्या व्यायामशाळेत झाली. सकाळपासून शाळेच्या स्वयंपाकघरात घेवड्याची भांडी भट्टीत होती, त्या वासाने सगळ्यांचं लक्ष अर्धं जेवणाकडे. ठराव क्रमांक चौदा आला. मर्टन उशीवरून उठला.

"लुसियनबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला, "पण ह्या गाळणीने माझी शेपटी मोडली. अकरा वर्षं चाललं, आता संपलं. साधं डांबर टाकू या, वाळू टाकू या, आपल्या बापजाद्यांनी केलं तसं."

लोक हसले. मग लुसियन उठला. काठीवर दोन्ही हात. शर्ट इस्त्रीचा होता, पण कॉलरची एक बाजू आत राहिलेली. ती बाहेर काढायला आता घरात कोणी नव्हतं.

"डांबरात दोष नाही," तो म्हणाला. "भोकं बुजलीत. निगा राखली गेली नाही. निगा माझ्याकडे होती. चूक माझी."

आणि खाली बसला. झालं! ह्याचं भाषण संपलं! मर्टनने हात पसरले, म्हणजे बघा, तो स्वतःच कबूल करतोय. सभाध्यक्षांनी मतदानाची कार्डं वर करायला सांगायला तोंड उघडलं, आणि मी उभी राहिले.

"चूक त्याची नाही. वाळू मी टाकली."

सगळी व्यायामशाळा मागे वळली.

"डिसेंबरपासून. रोज. एक डबा, मग दोन. हा लंगडा माणूस रोज तिथून येतो, पडेल म्हणून टाकली. पाटी मीच रंगवली आहे, त्यामुळे वाचता येत नाही असं म्हणायची सोय नाही. मर्टन, तू माझ्यामुळे पडलास. डांबराने काही केलं नाही. ते अकरा वर्षं माझ्या दारात पाणी पीत होतं, मी त्याच्या घशात वाळू कोंबली. उखडायचंच असेल तर मला उखडा."

मर्टनचं तोंड उघडं ते उघडंच. "विनी, तू?" तो म्हणाला. मग कोणीतरी मागून "मर्टन, उशी तिला दे रे!" असं ओरडलं आणि हशा झाला. मी हसले नाही. माझे डोळे भरून आले होते, आणि तेही सगळ्या गावासमोर.

मतं मोजली. सात मतांनी ठराव पडला. एप्रिलमध्ये ट्रक आणून धूळ ओढायची, एक हिवाळा बघायचं, मग पुढचं पुढे. लुसियनने मान हलवली. नंतर मला म्हणाला की सगळी भोकं परत उघडणार नाहीत, काही कायमची गेली.

जेवण सोडून मी त्याला बाहेर गाठलं. तो गाडीपाशी उभा होता.

"वाळू माझी हे तुला उकरल्यावर कळलं ना?"

"नाही."

"मग कधी?"

"पहिल्या दिवशी. सव्वासात. माझी खाट खिडकीशी आहे."

मी हादरलेच. "पहिल्या दिवशी? आणि ओरडला नाहीस? खिडकी उघडून एक शब्द बोलता येत नव्हता? तीन महिने माझ्या हातून तुझं डांबर मरताना बघत बसलास, गाढवा?"

तो काठीच्या टोकाने बर्फ टोकरत राहिला.

"ओरडायलाच उठलो होतो. मग बघितलं, तू माझ्या फाटकापासून सुरुवात केलीस. मी पडेन म्हणून." काठी दुसऱ्या हातात घेतली. "पॉलिन गेल्यापासून मी पडेन म्हणून कोणी काही केलं नव्हतं गं. म्हटलं, उद्या सांगू. मग रोज उद्या."

मी त्याची कॉलर तेवढी नीट केली.

"वाळू टाकू नकोस," तो म्हणाला. "पण सव्वासातला येत जा. कॉफी करतो."

दुसऱ्या दिवशी मी गेले. हाडं गोठवणारी थंडी होती. टेबलावर दोन कप मांडलेले, आणि दार त्याने केव्हापासून सताड उघडं ठेवलं होतं कोण जाणे, घराचा पार बर्फ झाला होता.