जिभेखालचं तेल

आमच्याकडे किस्से आपोआप साचतात. साचणारच! अलिबागला मानसोपचाराच्या दवाखान्याबाहेर दर गुरुवारी अर्धा दिवस बसून काढायचा, तर माणूस दुसरं काय करणार? पेशंट आपापल्या तंद्रीत असतात आणि त्यांना घेऊन आलेले आम्ही बोलत सुटतो. त्यांच्यादेखत हसतो. बाहेरच्या कुणाला वाटेल, काय निर्दयी माणसं आहेत! पण घरी हसायची सोय नाही हो.

आमचं बाकडं ठरलेलं. मी नागावची, शाळेत क्लार्क. बरोबर धाकटा भाऊ दिलीप. त्याला आवाज ऐकू येतात. म्हणजे गोळ्या चालू असल्या की नाही येत. दुसरे रेवदंड्याचे हरेशनाना, मासळीचा टेम्पो चालवणारे. त्यांच्या बायकोला, कमलवहिनींना डिप्रेशन. आणि तिसऱ्या दिघीच्या सलमा आपा. त्यांच्या रुखसारला पॅनिक अटॅक येतात. त्यात दवाखान्याला यायचं तर फेरीबोटीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं! म्हणजे आजार दाखवायला निघालं की आधी आजार हजर.

तर या बाकड्यावर मध्यंतरी एक तेल येऊन गेलं.

*

सुरुवात नानांनी केली. त्यांचा भाचा उलव्याला राहतो, मोबाइलवर सतत काहीतरी वाचणारा. त्यानं फोन केला, "मामा, मामीला सीबीडी देऊन बघा. टेन्शन, झोप, डिप्रेशन, सगळ्यावर चालतं म्हणे."

नाना दुसऱ्या दिवशी धंदा बंद ठेवून थेट नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला! स्टेशनबाहेरची मेडिकलची दुकानं धरली आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, "इथला तेल मिलतंय ना, त्या द्या." एकानं केसांना लावायचं तेल पुढं केलं. एकानं विचारलं, "काका, सरसोंका क्या?" शेवटी एका दुकानदारानं समजावलं, की सीबीडी हा भांगेच्या झाडातला अर्क असतो. तो औषध म्हणून वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतो, आणि सीबीडी बेलापूरशी त्याचा काही संबंध नाही.

नानांनी तिथूनच भाच्याला फोन लावला, "आरं, मंग गांज्याच्या झाडाचा तेल हाय असा सरल सांगाचा ना! मी आखा बेलापूर पालथा घातला!"

बाकडं हसून हसून हललं. फक्त कमलवहिनी समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. त्या तेव्हा कशालाच हसत नसत.

*

मग भाच्यानंच ऑनलाइन वैद्य गाठून दिला आणि बाटली कुरिअरनं घरी आली. छोटीशी, ड्रॉपरवाली. जिभेखाली थेंब धरायचे, मग गिळायचं. घरात कुणाच्या हाताला लागू नये म्हणून नानांनी ती देव्हाऱ्यात ठेवली.

संध्याकाळी नाना घरी येतात तो काय, देवापुढं निरांजन लख्ख पेटलंय आणि बाटली रिकामी! नानांच्या म्हाताऱ्या आईनं सगळं तेल दिव्यात ओतलं होतं.

"आये, त्या औषध व्हता! मनाला बरा वाटाचा औषध!"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "मंग? देवाला नको का बरा वाटाला?"

आणि आत चुलीपाशी बसलेल्या कमलवहिनी तोंडावर हात धरून हसल्या. नाना आम्हांला हे सांगताना अक्षरशः उभे राहिले. "हसली ताई! मी आवाज आयकला!"

त्यांनी लगेच दुसरी बाटली मागवली. वहिनींनी ते तेल नियमानं जिभेखाली धरलं. झोप जराशी सुधारली, असं नाना म्हणत. बाकी सगळं होतं तसंच राहिलं. त्या हसल्या ते तेवढ्या एकदाच, न घेतलेल्या तेलावर.

*

डॉक्टर मॅडमना कुणकुण लागलीच. एका गुरुवारी त्या स्वतः बाहेर आल्या आणि बाकड्यासमोर उभ्या राहिल्या. "हे सीबीडी कोण कोण घेतंय? मी रागावणार नाही. चिंतेला, झोपेला काहींना फायदा होतो असं दिसतं, पण खात्रीनं सांगावं इतकं अजून माहीत नाही. आपल्या गोळ्यांबरोबर त्याची गडबड होऊ शकते. आणि त्यात नशेचा अंश असेल, तर ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांना ते फार महागात पडतं. म्हणून विचारते."

नाना छातीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, इथं कोनी न्हाय घेत."

हात ठेवला तो नेमका शर्टाच्या खिशावर. खिशात बाटली होती आणि तिचं बूच सैल होतं. नानांच्या पांढऱ्या शर्टावर तेलाचा डाग पसरत चालला होता, आणि मॅडम त्याच्याकडे बघत होत्या.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "नाना, आधी तुम्ही आत या."

*

सलमा आपांनी तेल द्यायच्या आधी मौलवीसाहेबांना विचारलं. "नशा होते का?" त्यांनी विचारलं. आपा म्हणाल्या, नाही होत म्हणतात. "मग काय होतं?" आपा म्हणाल्या, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. मौलवीसाहेब म्हणाले, "मग आधी डॉक्टरनीला विचार, मग माझ्याकडे ये!"

आपांनी विचारलंही. आमच्यात सरळ वागणाऱ्या त्या एकट्याच. मॅडमनी गोळ्या तशाच चालू ठेवून थोड्या दिवसांपुरती परवानगी दिली.

आणि काय सांगू! जी रुखसार बोटीत आईच्या ओढणीत डोकं खुपसून बसायची, ती कठड्यापाशी उभी राहायला लागली. एकदा तर बोटीवरून तिनं पाण्याचा फोटो काढून मला पाठवला. कॉलेजचा फॉर्म भरायचं बोलायला लागली.

पुढं बाटली संपली आणि नवी काही मिळेना. आपांनी जुन्या बाटलीत खोबरेल भरलं. रुखसार तेही जिभेखाली धरून मजेत खाडी पार करत राहिली! आपांनी आम्हांला हे कानात सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो.

पण पावसाळा सरला, थंडी पडली, आणि एका सकाळी बाटलीतलं तेल थिजलं. पोरगी हुशार. बाटली उलटी केली, वास घेतला आणि आईला विचारलं, "अम्मी, म्हंजे माझा बरा होना खोटा होता?"

आपा म्हणाल्या, "नाही बेटी, तू खरीच बरी झालीस."

"मग आजार खोटा होता?"

त्या दिवशी रुखसार जेटीवरून परत फिरली. आता ती घराच्या उंबऱ्याबाहेरही येत नाही. आपा एकट्या येतात, बाकड्यावर आमच्याशेजारी बसतात आणि तिच्या गोळ्या घेऊन जातात.

*

आता माझ्या घरचा.

दिलीपनं स्वतःच तेल मागवलं. ऑनलाइन वैद्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, झोप लागते का, भूक लागते का, काळजी वाटते का. दिलीपनं खरी उत्तरं दिली. मला कळलं तेव्हा मी ओरडले, "अरे, आवाजांचं का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही, ताई!"

पण हे सगळं कळलं नंतर. त्याआधी मला एवढंच दिसत होतं, की माझा भाऊ परत आलाय. त्याच्या हाताची थरथर थांबली. चेहऱ्यावरची सूज गेली. बंद पडलेला मिक्सर त्यानं उघडून दुरुस्त केला. शेजारच्या लग्नात नाचला! मला वाटलं, इतक्या वर्षांनी गोळ्यांना यश आलं. खरं तर गोळ्या तो गालात धरायचा आणि परसात थुंकायचा. सकाळ-संध्याकाळ फक्त तेल घेत होता.

मग एक दिवस त्यानं तोच मिक्सर विहिरीत टाकला. म्हणाला, "तो माझं नाव घेतो." मग टीव्ही. मग माझ्या हातचं जेवण बंद. मग मी कोण, हेच त्याला पटेना. "माझी ताई कुठं ठेवलीस?" असं मला विचारायचा, आणि रडायचा.

नानांच्या टेम्पोतून त्याला ॲडमिट करायला नेलं. चालवायला शेजारचा पोरगा, मागं मासळीची रिकामी खोकी, आणि मध्ये नाना त्याला मिठी मारून बसलेले. रस्ताभर दिलीप त्यांना सांगत होता, "नाना, ही बाई चांगली आहे, पण माझी ताई नाही." नाना म्हणत होते, "व्हय रं, व्हय. आपुन शोधू तुझ्या ताईला."

*

शेवटचा परवाचाच.

दिलीप घरी आलाय. गोळ्या वाढल्यात. आवाज बंद झालेत. पुन्हा हात थरथरतात, तोंडाला लाळ येते, मिक्सरबिक्सर काही नाही. सांगितलं तिथं बसतो. मी त्याला बाकड्यावर बसवलं आणि नंबर लावायला गेले. नाना माझ्यामागं रांगेत होते.

आम्ही वळून बघतो तर कमलवहिनी आपली भिंतीकडची जागा सोडून उठल्या होत्या. एवढ्या काळात त्या दवाखान्यात कुणाशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. त्या सावकाश चालत गेल्या आणि दिलीपच्या शेजारी बसल्या. नानांनी माझा दंड धरला.

वहिनींनी विचारलं, "आवाज गेलं?"

दिलीप म्हणाला, "हो."

वहिनींनी पदरानं त्याची लाळ पुसली. मग हळूच म्हणाल्या, "मंग आता एकला वाटत आसंल."

दिलीप म्हणाला, "फार."