पायाखालच्यांचं पान

ये गं पोरी, हे पत्र वाचता वाचता जरा जवळ सरक. आधी रागावून घेते. मागच्या भादव्यात भरल्या ताटावरून उठलीस आणि किकवीला जाऊन एस्टी धरलीस. असं करतं का गं कुणी आजीला?

भांडण कशावरून, तर आपल्या शिवारातल्या वीरावरून. वडाखाली ती शिळा उभी हाय, ढाल-तलवार घेतलेला माणूस कोरलेला. कुठल्या राजाचा शिपाई, कुठल्या लढाईत पडला, कुणाला ठावं न्हाई. आपल्याच घरातला म्हणतात, म्हणून सर्वपित्रीला आपण त्याला नैवेद्याचं पान नेतो. तू ते हातात घेईनास.

"आजी, त्याच्या पायाखाली बघ. दोन माणसं आडवी पडलीत. अशी किती मारली असतील, किती घरं जाळली असतील! त्याला खीर-वडे?"

म्या म्हटलं, "अगं, हुकमाचा ताबेदार तो. पेरणी टाकून गेला असंल बिचारा."

"हुकूम झाला म्हणून माणूस मारायचा व्हय?" माझ्याच बोलीत मला टोमणा मारलास.

एवढं बोललीस आणि ताटावरून उठलीस. पण एक गोष्ट सांगायची राहिली.

माझ्या सासूबाई दोन पानं न्यायच्या. एक वीराचं. दुसरं ओढ्यापल्याड, उघड्या माळावर. मी नवी सून, विचारलं, "हे कुणाचं?"

"त्याच्या पायाखालच्यांचं. त्यांचं गाव कुणाला ठावं? त्यांना कोण वाढणार?" आणि ते पान त्या आधी ठेवायच्या. म्हणायच्या, "त्यो थांबंल. थांबायलाच पायजे त्यानं."

"मग त्याला वाढायचंच कशाला?"

"त्याला उपाशी ठिवून मेलेली उठत्यात का गं?"

त्यांच्यामागं मीही तसंच केलं. पण गुडघे गेले, ओढा उतरवंना, तसं पल्याडचं पान सुटलं. तू बघितलंस ते उरलेलं एकच. दुसरं पान सुटलं की वीराचा नुसता देव होतो, हे तू रागावलीस तवा मला कळलं.

निवाडा मला जमत न्हाई, पोरी. त्याला माफ करणारी मी कोण? माफी द्यायची ती पल्याडच्यांनी, आणि ते तर बोलत न्हाईत.

अमावस्या जवळ आली. वीराचं पान मी नेईन, तू हातसुद्धा लावू नगंस. ओढ्यापल्याडचं तेवढं तू ने. लवकर ये, आदल्या दिवशीच ये. वडे एकटीनं तळवत न्हाईत आता.