सेट निघाला

एम.ए. इंग्रजी झाल्यावर मी तीन वर्षं एकच काम नेमाने केलं. सेटची परीक्षा दिली आणि तिच्यात नापास झालो. कॉलेजात कायमचं प्राध्यापक व्हायचं तर ही सेट तरी पास व्हावी लागते, नाहीतर हिची मोठी बहीण नेट. बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते ओसरीत जाळं विणत बसले होते.

"नेट म्हंजे काय गा?"

"जाळं."

बाबांनी एकदा हातातल्या जाळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "याच्यासाठी एवढा शिकला तू? मले इचारला असता तं घरीच शिकवलं असतं."

आम्ही मासे धरणारे लोक. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि पुनर्वसनाच्या वस्तीत घर मिळालं, पण बाबांचा धंदा तोच राहिला. मी लाखांदूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर इंग्रजी शिकवायचो. तिथे एकदा रुबाबात सांगितलं, की इंग्रजीतल्या 'सेट' या एवढ्याशा शब्दाला डिक्शनरीत पानंच्या पानं अर्थ आहेत. ठेवणे, लावणे, मांडणे, बसवणे, गोठणे, सूर्याचं मावळणे. पोरांनी लगेच भर घातली. पंपसेट, कपबशांचा सेट, दही सेट झालं, मोबाईलची सेटिंग. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्या दादाला पोरगी सेट झाली!" एक मुलगी शांतपणे उठली आणि म्हणाली, "सर, माझी आजी म्हणते, तुमचे सर अजून सेट झाले नाहीत." तास तिथेच संपवला.

त्याच वर्षी बाबांचे दात गेले. फेकायचं जाळं टाकताना त्याची एक कड दातात धरावी लागते. हात सुटतात तेव्हाच दातही सोडायचे, मग जाळं हवेत गोल उघडतं. चाळीस वर्षं असं केल्यावर दातही एकेक करून सुटले. मी त्यांना लाखनीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "काका, आता एखाद-दुसऱ्याने भागणार नाही. खालचा-वरचा पूर्ण सेट बसवावा लागेल." बाबांना तो शब्द फार आवडला. पोराला दोनदा परीक्षा देऊन मिळाला नाही, तो सेट आपल्याला एका मापात मिळणार होता. आई मात्र घरी त्याला कवळीच म्हणायची.

निकाल लागायचा तो दिवस आणि बाबांची कवळी मिळायची तो दिवस नेमका एकच निघाला. सकाळी मी आईला म्हणालो, "आज सेटचा निकाल आहे," आणि लाखांदूरला गेलो. बाबा लाखनीच्या बसमध्ये बसले.

दुपारी स्टाफरूममध्ये मोबाईलवर निकाल पाहिला. नापास. तेही थोडक्यात, त्यामुळे जास्त लागलं. घरी फोन करायची हिंमत झाली नाही. संध्याकाळच्या एस.टी.त खिडकीशी बसून, आईला हे कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत राहिलो.

वस्तीच्या फाट्यावर उतरलो तर पंधरा-वीस माणसं उभी. मला वाटलं, कोणी पुढारी येणार असेल. तेवढ्यात पानठेल्यावाल्या काकांनी माझ्याच गळ्यात झेंडूचा हार घातला. शेजारच्या काकूंनी तोंडात पेढा कोंबला. आई डोळे पुसत होती.

"अगं आई, पण…"

"तू काहून नाही सांगतला मले? बाबांकडून समजलं. तुया बाबांचा फोन आला, सेट भेटला म्हनून!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण तोंडात पेढा होता. तो गिळेपर्यंत वस्तीतले निवृत्त मास्तर भाषणाला उभे राहिले. पहिलीत त्यांनीच मला अक्षरं शिकवली होती. "आपल्या ढिवर समाजातला पहिला प्राध्यापक," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. मास्तरांनी दोन्ही वेळा हात वर करून मला गप्प केलं, पहिलीत करायचे तसंच. "विनय पाहा त्याचा," असंही ते म्हणाले.

भाषण चालू असतानाच लाखनीची बस आली आणि बाबा उतरले. गर्दी पाहून त्यांना आनंदच झाला.

"कोनाचा सत्कार चालू आहे गा?"

"अरे, तुया पोराचा! सेट निघाला ना त्याचा!" पानठेल्यावाले काका म्हणाले.

"त्याचा? मले तं माया सेट भेटला," बाबा म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं. खालचे-वरचे सगळे पांढरेशुभ्र दात. त्या रापलेल्या चेहऱ्यात ते इतके नवे दिसत होते, की पुढे उभं असलेलं एक लेकरू आईच्या पदराआड लपलं.

क्षणभर कोणालाच काही कळेना. मी कसाबसा म्हणालो, "बाबांना दातांचा सेट मिळाला. मी नापास झालो."

पहिली हसली ती आई. पदर तोंडात धरूनही तिला हसू आवरेना. मग सगळेच हसले. मास्तरांनी माझ्या गळ्यातला हार काढला आणि बाबांना घातला. "सत्कार वाया नाही गेला पाहिजे," म्हणाले. राहिलेले पेढे लोकांनी बाबांच्या नावाने खाल्ले. आधीच्या दोन्ही वेळा मी घरात कोंडून घेतलं होतं आणि आठ-आठ दिवस कोणाला तोंड दाखवलं नव्हतं. या वेळी गावादेखत हार घालून नापास झालो, तर त्या रात्री चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला उठवलं. "चाल, पाहू जमते का."

आम्ही धरणाच्या काठावर गेलो. बाबा मांडीभर पाण्यात शिरले. जाळ्याची कड नव्या दातांत धरली, कमरेत वळले आणि जाळं फेकलं. बऱ्याच महिन्यांनंतर ते पुन्हा पहिल्यासारखं गोल उघडलं. मी "वा!" म्हणणार, तोच वरचे दात जाळ्याबरोबर हवेतून गेले आणि डुबुक करून पाण्यात पडले.

"शेत निघाला!" बाबा बोळक्या तोंडाने ओरडले.

मी कपड्यांसकट उतरलो. हाताने चाचपलं, पायाने चाचपलं. गाळ, दगड, शिंपले. बाबा तोंडावर हात ठेवून उभे होते. अर्ध्या तासाने माझ्या तळपायाला काहीतरी कचकन टोचलं. मी बोंबललो. सेट सापडला होता.

बाबांनी तो पाण्यात विसळला, तोंडात बसवला, दोनदा चावून पाहिलं.

"लागलं का तुले?"

"लागलं."

"मंग चांगला हाय. चावते." त्यांनी वरचे दात अंगठ्याने दाबून नीट बसवले. "डॉक्टर म्हनत होता, पहिल्यांदी ढिला वाटते, मंग सवय होते. दाताने नाही जमलं तं कड खांद्यावर धरीन. जारं थोडं लहान खुलंल. मासोऱ्या काही मोजून राहतेत का?"

मग त्यांनी जाळं ओढायला सुरुवात केली आणि मला दुसरी कड धरायला सांगितली. ओढता ओढता विचारलं, "फारम कधी निघते आता?"

"पुढच्या वर्षी."

"भरून टाक," बाबा म्हणाले.